शुगर, पडदा आणि हैदराबादच्या तारखा

आमच्या उदगीरला पन्नाशी उलटलेल्या माणसाने 'कमी दिसतंय' म्हटलं, की डॉक्टरकडे जायच्या आधीच निदान झालेलं असतं. मोत्या आला. टपरीवर कुणीतरी सांगतं, पिकू द्या अजून थोडा, मग काढा. यात नवल काही नाही. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्याचा मोठा भर मोतीबिंदूवरच राहिला. त्यात आमचा लातूर जिल्हा म्हणजे डॉ. तात्याराव लहानेंचा. रेणापूर तालुक्यातल्या माणसाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मोतीबिंदूच्या लाखाच्या वर शस्त्रक्रिया केल्या, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिबिर, गाडी, ऑपरेशन, काळा चष्मा, आणि आठवड्याभरात नातवंडांचे चेहरे दिसायला लागणे, हा क्रम सगळ्यांना पाठ. मीही त्याच क्रमात शिरायचं म्हणून शिबिरात नाव दिलं होतं.

मी मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम आहे. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी करायची, हमाली-तोलाई वजा करायची, आधीची उचल असेल तर ती कापायची आणि संध्याकाळी सगळं खतावणीत चढवायचं. संगणक आलाय, पण शेठना वही लागते. त्या वहीवरच उजव्या डोळ्याचं बिंग फुटलं. डावा डोळा मिटून पाहिलं की छापील सरळ रेघ मधोमध येऊन वाकायची. एक आणि नऊ यांत गल्लत व्हायची. "काय बघलालाव मुनीमजी एवढं निरखून?" म्हणून हमाल हसायचे. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून घेतला. महिन्याभरात तोही लागेना. शुगर वर-खाली झाली की नंबरही हलतो, हे दुकानदारानेच सांगितलं, आणि त्याचं तेवढं बरोबर होतं.

शिबिर मंगल कार्यालयात होतं. तक्ता वाचून झाला. उजव्याने ६/२४, डाव्याने ६/९, म्हणजे उजवा बराच कमी, डावा जवळजवळ चांगला. मग बाहुली मोठी करायचे थेंब. ते डोळ्याला चरचरतात आणि अर्ध्या तासात हातातला कागद वाचता येईनासा होतो. तपासणारी डॉक्टर माझ्या पोरीच्या वयाची. डोक्याला दिवा बांधलेला, हातात जाड भिंग. वर बघा, खाली बघा, उजवीकडे, डावीकडे. डाव्या डोळ्यापाशी ती जरा जास्तच रेंगाळली.

"काका, शुगर किती वर्षं झाली?"

"दहा-बारा झाली असतील."

"आणि पडदा कधी तपासलाय?"

पडदा, म्हणजे डोळ्याच्या आत मागे चित्र उमटतं तो थर, तपासायचा असतो हेच माझ्या कानावर आलेलं नव्हतं. माझी फाइल जाडजूड. जेवणाआधीची शुगर, जेवणानंतरची शुगर, तीन महिन्यांची सरासरी, बीपी, एकदा छातीची पट्टी, म्हणजे ईसीजीसुद्धा. डोळ्याचा एक कागद नाही. ज्याला माझ्यासारखा मधुमेह निघतो, त्याचा पडदा निदान झालं त्याच वेळी बाहुली मोठी करून बघायचा आणि नंतर सहसा दर वर्षी, हा साधा नियम आहे. तो त्या मुलीने मला दोन वाक्यांत सांगितला. मग चिठ्ठी लिहिली: मोतीबिंदू किरकोळ, ऑपरेशन नको, पडद्याच्या डॉक्टरकडे लवकर.

ज्यांची निवड झाली त्यांच्या कपाळावर नावाची चिकटपट्टी लावून त्यांना गाडीत बसवत होते. माझ्या हातात नुसता कागद. त्या वेळी, खरं सांगतो, मला त्या चिकटपट्टीवाल्यांचा हेवा वाटला.

लातूरला पडद्याचं स्कॅन झालं. ओसीटी म्हणतात त्याला. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघायचं, पापणी हलवायची नाही, एवढंच. दुखत नाही, सुई नाही. रंगीत कागद हातात येतो. त्यावर पडद्याचा उभा छेद दिसतो आणि जाडी मायक्रॉनमध्ये लिहिलेली असते. मधल्या बिंदूपाशी साधारण अडीचशेच्या आसपास हवी, माझ्या उजव्या डोळ्यात चारशेच्या वर. डॉक्टरांनी समजावलं ते मला लगेच पटलं, कारण आमच्या गोदामात दर पावसाळ्यात तेच होतं: भिंतीत ओल मुरते, रंग सुटून फुगा धरतो. साखरेने खराब झालेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि नेमकी वाचायची जागा सुजते. म्हणून रेघ वाकडी.

हे समजलं. समजलं नाही ते पुढचं. डॉक्टर म्हणाले, "उजवा तुम्हाला त्रास देतोय, पण मला काळजी डाव्याची आहे." डाव्याने मी तक्त्याची शेवटून दुसरी ओळ वाचली होती! तो तर माझा चांगला डोळा, त्याच्यावर माझी नोकरी चाललेली. पण पडद्याला रक्त कमी पडलं की तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या कच्च्या असतात, केव्हाही फुटतात. रक्त आत सांडलं की एका रात्रीत अंधार, आणि नंतर व्रण आकसून पडदाच ओढून सुटा होतो. हे सगळं चालू असताना मधला बिंदू शाबूत असेल तर माणसाला काहीही जाणवत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, वाचता येतं. तर उपाय असा की या चांगल्या डोळ्यात लेझरने शेकडो बारीक डाग द्यायचे. पडद्याची कडेकडेची जागा मुद्दाम भाजायची, म्हणजे त्याची रक्ताची मागणी कमी होते आणि नव्या वाहिन्या सुकतात.

घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "दिसणारा डोळा भाजून घ्यायला पैसे द्यायचे?" शेठ म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. घ्यायचंच होतं, आणि उदगीरकराला दुसरं मत म्हणजे हैदराबाद. पुणं लांब पडतं. आजोबांच्या वेळी तर आमची राजधानीच ती होती. बीदर, जहीराबाद करत बस पोचते, रात्रीची रेल्वेही आहे. तिथल्या एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात ऐपतीप्रमाणे दर लावतात असं मोंढ्यातल्या एकाने सांगितलं होतं. माझं केशरी कार्ड तिथे कामाचं नव्हतं, पण खिडकीवरच्या बाईने चार प्रश्न विचारून मला सवलतीच्या रांगेत टाकलं. मत मात्र तेच निघालं, शब्दही जवळपास तेच.

तिथे आधी रंगाची तपासणी झाली. हाताच्या शिरेत पिवळं औषध टोचतात, ते डोळ्यात पोचतं आणि कॅमेरा खटाखट फोटो घेतो. कुठे गळतंय, कुठे रक्त पोचत नाही ते त्यात उजळून दिसतं. टोचल्यावर मिनिटभर मळमळलं. मग दिवसभर अंगाला पिवळी झाक आणि लघवी हळदीच्या रंगाची. हे होणार असं आधी सांगतात, तरी स्टेशनवरच्या मुतारीत शेजारच्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की मीच त्याला सांगितलं, कावीळ नाही हो, डोळ्याची तपासणी आहे.

लेझर एका बैठकीत होत नाही, दोन-तीन वेळा बोलावतात. थेंबाने डोळा बधिर करून त्यावर जेल लावलेलं भिंग बसवतात, म्हणजे पापणी मिटता येत नाही. मग हिरवे झटके. टक, टक, टक. सुरुवातीचे काहीच वाटत नाहीत. कडेला गेलं की डोळ्याच्या मागे, कवटीत, ठणका उठतो. डोकं धरून उभा असलेला मदतनीस खास हैदराबादी: "चाचा, हिलो नक्को. हल्लू साँस लेव." त्याचा हात माझ्या टाळूवर होता, आणि त्या हाताचा आधार कुठल्याही गोळीपेक्षा मोठा होता. संपल्यावर काही वेळ सगळं काळपट, मग जांभळट, मग हळूहळू नेहमीसारखं.

गावात पहिला प्रश्न ठरलेला: "मग, दिसायला लागलं का चांगलं?" नाही लागलं. लागणारही नव्हतं. लेझरने नजर वाढत नाही. आहे ती जाऊ नये म्हणून ते असतं. अमेरिकेत १९७०च्या दशकात मोठा अभ्यास झाला, त्यात या लेझरने नजर पार जाण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त कमी झालं, आणि तेव्हापासून जगभर तो उपाय चालतो. पण हे मोंढ्यात कुणाला सांगणार? उलट माझं थोडं गेलंच. रात्री सायकलवर घरी येताना आता रस्त्याची कड नीट कळत नाही, आणि डावीकडून गाडी आली की ती अगदी जवळ आल्यावर दिसते. सायकल मी दिवसापुरती ठेवली आहे.

उजव्या डोळ्याचं काम वेगळं. तिथे सूज उतरवायला डोळ्याच्या आत इंजेक्शन. हे ऐकूनच अर्धे लोक परत जातात, असं समुपदेशक बाई म्हणाल्या, आणि मला ते खोटं वाटलं नाही. प्रत्यक्षात भीतीच जास्त. बधिर करायचे थेंब, मग बेटाडाइन, ते जळजळतं. पापण्या फाकवायला तारेचा चिमटा, तोंडावर भोकाचं हिरवं कापड. "ऊपर देखो चाचा." बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागात, दाब जाणवतो, मोजायला लागलो तर तीनच्या आत संपतं. लगेच समोर बोटं धरून विचारतात किती दिसतात. त्या दिवशी नजरेच्या तळाशी एक काळा गोल बुडबुडा डुलत होता. आत गेलेली हवा असते, दुसऱ्या दिवसापर्यंत विरते. डोळा चोळायचा नाही, काही दिवस डोक्यावरून पाणी नाही, थेंब वेळेवर. दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर उतरली तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी निघायचं, कारण तो आतला संसर्ग असू शकतो.

आणि हे एकदा करून भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला, मग स्कॅन बघून. औषधाची निवडही करावी लागते. सगळ्यांत स्वस्त बेव्हासिझुमॅब. ते मूळ आतड्याच्या कॅन्सरचं औषध. एका बाटलीतून निर्जंतुक जागी बारीक सिरिंजांत वाटून डोळ्यासाठी वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली त्याला डोळ्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्याच्या वर रॅनिबिझुमॅब, त्याचं भारतात बनलेलं स्वस्त रूपही मिळतं. आणखी वर अफ्लिबरसेप्ट. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: नजर थोडीच उतरली असेल तर तिघांत विशेष फरक पडत नाही; बरीच उतरली असेल तर पहिल्या वर्षात महागडं सरस ठरतं. माझी बरीच उतरली होती. मग मी स्वस्त का घेतलं? कारण महागडं एकदा घेऊन पुढची तारीख चुकवण्यापेक्षा स्वस्त दर महिन्याला घेणं मला झेपणार होतं. त्यांनीही ते मान्य केलं.

एकदा तर तिथवर जाऊन तसंच परत आलो. रात्रभर बसमध्ये झोप नाही, सकाळची बीपीची गोळी पिशवीच्या तळाशी, आणि खिडकीवर बीपी १८०च्या वर. टोचणार नाही म्हणाले. तासभर बाकावर बसवलं, पुन्हा मोजलं, उतरेना. मुलगा दुकान बंद ठेवून आलेला. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

मुलाचं नाव काढलं म्हणून लिहितो. हिशोब ठेवायची सवय असल्याने या आजाराचीही मी वेगळी वही घातली आहे. तिच्यात औषधाचा रकाना सगळ्यांत मोठा असेल असा माझा अंदाज होता. तो नाही. मोठा रकाना आहे दोघांचं गाडीभाडं, खाणं, माझा कापलेला पगार आणि मुलाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचा बुडालेला धंदा. बाहुली मोठी केल्यावर एकट्याने परतता येत नाही, म्हणजे दर खेपेला दोन माणसांचा रोज. सवलत मिळते ती रुग्णालयाच्या बिलात. बाकीच्या रकान्यांना कुणाची सवलत नाही. दर वेळी थेट हैदराबाद करण्याऐवजी स्कॅन लातूरला काढून त्याचा फोटो मोबाइलवर पाठवायचा आणि गरज असेल तरच जायचं, ही सोय डॉक्टरांनी नंतर करून दिली, तेव्हा कुठे ही वही जरा शांत झाली.

शुगरच्या डॉक्टरांकडेही चकरा वाढल्या. पडद्याच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या होत्या. त्यातल्या एका जोडगोळीत पायोग्लिटाझोन होतं. त्याने अंगात पाणी धरतं आणि पडद्याची सूज वाढू शकते, म्हणून ते बदलून घ्या अशी चिठ्ठी दिली. लघवीतली प्रथिनं तपासली, कारण डोळ्याच्या बारीक वाहिन्या खराब झाल्या की मूत्रपिंडाच्याही बहुधा झालेल्या असतात. माझ्यात निघाली, थोडी. आणि मग इन्सुलिन.

इन्सुलिन म्हटल्यावर आमच्या गल्लीत जे वादळ उठलं त्याला तोड नाही. "सुई सुरू केली की डोळे जातात" हे आमच्याकडे आकाशवाणीसारखं सांगतात. अमक्याचे गेले, तमकीचे गेले, नावानिशी. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, लोक सुई घेतात केव्हा? गोळ्या पूर्ण हरल्यावर. तोवर पडदा आधीच बिघडलेला असतो, नाव सुईवर येतं. दुसरं, खूप वर्षं चढलेली शुगर एकदम खाली आणली तर काहींचा पडदा काही महिने थोडा बिघडतो, हेही खरं. पण पुढे फायदाच होतो. म्हणून हळूहळू उतरवू आणि त्या काळात डोळे जास्त वेळा बघू. म्हणजे गल्लीतली बातमी निव्वळ थापही नव्हती. मला वाटतं, डॉक्टर लोकांनी एवढं समजावून सांगितलं तर निम्मी माणसं सुईला घाबरणार नाहीत. मोंढ्यातला दर सौद्यामागचा गोड चहा मात्र सुटता सुटला नाही. शेवटी चहावाल्यालाच सांगितलं की मला बिनसाखरेचा दे, नाहीतर उधारी बंद.

प्रतीक्षागृहात देगलूरकडची एक बाई भेटायची. शेतमजूर, बरोबर भाऊ. तिची पहिली इंजेक्शनं झाली, थोडं दिसायला लागलं, तशी तिने तारखा सोडल्या. सुगी होती आणि दिसत होतं, मग कशाला जायचं? परत आली तेव्हा डोळ्यात रक्त उतरलेलं आणि तिला मोठं ऑपरेशन सांगितलेलं. तिला कुणी अडाणी म्हणू नये. घरी पैसा एवढाच असताना, दिसत असलेल्या डोळ्यासाठी तो खर्च करणं किती अवघड आहे ते मी माझ्या वहीत रोज बघतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्क्यांचा पडदा बिघडलेला निघाला. आकडे माझ्या रोजच्या कामाचे, पण हे आकडे वाचताना मला ती बाई दिसते आणि तिचा भाऊ, चिठ्ठी हातात धरून खिडकी शोधणारा.

धाकट्या भावाला शुगर निघून दोनच वर्षं झालीत. त्याला मी जवळपास ओढतच पडदा तपासायला नेलं. कॅमेऱ्याने फोटो काढला, सुरुवातीचे दोन-चार लाल ठिपके निघाले. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही करायचं नाही. शुगर आणि बीपी सांभाळा, वर्षाने या. बाहेर आल्यावर तो माझ्यावरच उखडला. "दादा, औषध नाही, थेंब नाही, काहीच दिलं नाही. दिवस घालवला नुसता." मी त्याला माझ्या उजव्या डोळ्याचा स्कॅन दाखवला, वहीतले रकाने दाखवले. पटलं की नाही सांगता येत नाही, पण पुढच्या वर्षीची तारीख त्याच्या बायकोने मोबाइलमध्ये टाकून घेतली आहे आणि तिच्यापुढे त्याचं चालत नाही.

माझं म्हणाल तर उजव्याने तक्त्याच्या दोन ओळी वर चढलो. रेघ अजून किंचित वाकते, आकडे मात्र ओळखू येतात. डाव्यातल्या नव्या वाहिन्या सुकल्या आहेत. खतावणी मी आता दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसून पुरी करतो; संध्याकाळचं काम शेठच्या पुतण्याने संगणकावर घेतलं आहे. पुढचा स्कॅन दिवाळीच्या तोंडावर आहे, ऐन सोयाबीनच्या आवकेत, जेव्हा मोंढ्यात मुंगीला शिरायला जागा नसते. तारीख पुढे ढकलता येईल का विचारलं, तर पंधरा दिवसांच्या पलीकडे नाही म्हणाले. शेठना आत्ताच सांगून ठेवलं आहे.